कवड्या की मण्यार?

पावसाळ्यात घराच्या भिंतीवर दिसणारा पट्टेरी साप बहुधा बिनविषारी कवड्या असतो. पाली खायला तो सहज भिंत चढतो. मण्यार समजून त्याला मारू नका!

🐍 कवड्या: तपकिरी अंग. पांढरट-पिवळसर पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात.

🐍 मण्यार: निळसर काळं, चकचकीत अंग. बारीक पांढरे पट्टे, बऱ्याचदा जोडीने. डोक्यामागे थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात. अत्यंत विषारी.

पिल्लांमध्ये फरक कळणं अवघड असतं. म्हणून शंका आली की लांब राहा, नजर ठेवा आणि सर्पमित्राला बोलवा.

मण्यार रात्री फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, झोपेत कळतही नाही. जमिनीवर झोपू नका. खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून झोपा. परसातले विटा-लाकडांचे ढीग हलवा, उंदरांचा बंदोबस्त करा, अंधारात बॅटरी वापरा.

दंश झालाच तर जखम कापू नका, करकचून बांधू नका. हालचाल टाळून थेट रुग्णालय गाठा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं.