मोहालीची सेमी-कंडक्टर लॅबोरेटरी

पंजाबातल्या मोहालीत सेक्टर 72 मध्ये ‘सेमी-कंडक्टर लॅबोरेटरी’ ही सरकारी संस्था आहे. सिलिकॉनच्या वेफरवर परिपथ उमटवणे, चिप पॅकेजमध्ये बंद करणे आणि तिची कसून तपासणी करणे ही सगळी कामे इथे एकाच आवारात होतात. इस्रोच्या अग्निबाणांना आणि उपग्रहांना लागणाऱ्या चिप्स हे तिचे मुख्य काम. देशात आज नवे चिप कारखाने उभे राहत आहेत. ही संस्था त्या वाटेवर चार दशके आधीच निघाली होती.

केंद्र सरकारने 1976 मध्ये ‘सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड’ या नावाच्या कंपनीला मंजुरी दिली. अमेरिकन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीकडून 5 मायक्रॉनचे तंत्रज्ञान घेऊन 1984 मध्ये उत्पादन सुरू झाले. आज जगातली सर्वांत मोठी कंत्राटी चिप-उत्पादक असलेली तैवानची टीएसएमसी ही कंपनी 1987 मध्ये जन्मली, म्हणजे मोहालीच्या तीन वर्षे नंतर. पुढच्या काही वर्षांत मोहालीच्या अभियंत्यांनी 5 मायक्रॉनवरून 0.8 मायक्रॉनपर्यंत मजल मारली. शाळांमध्ये संगणक नेण्याच्या ‘क्लास’ प्रकल्पासाठी बीबीसी मायक्रो या संगणकाची भारतीय आवृत्तीही याच कंपनीने बनवली.

फेब्रुवारी 1989 मध्ये कारखान्याला भीषण आग लागली आणि उत्पादन यंत्रणा जळून गेली. उत्पादन पुन्हा सुरू व्हायला 1997 उजाडले. चिपच्या धंद्यात आठ वर्षांचा खंड म्हणजे अनेक पिढ्यांची पिछाडी. इथला पहिला बहर या आगीनेच खुंटवला, आणि भारताच्या औद्योगिक इतिहासातली ही मोठी हानी आजही पुरेशी लक्षात घेतली जात नाही.

व्यापारी बाजारात या कंपनीला पुढे बरकत आली नाही. 2006 मध्ये तिचे रूपांतर अवकाश विभागाखालच्या संशोधन संस्थेत झाले, आणि ‘लॅबोरेटरी’ हे नाव तेव्हापासूनचे. त्यानंतर इस्रायलच्या टॉवर सेमीकंडक्टर कंपनीकडून 180 नॅनोमीटरचे तंत्रज्ञान आणून 8 इंची वेफरची उत्पादनसाखळी उभारण्यात आली.

मोबाइलमधल्या चिप्स काही नॅनोमीटरवर पोहोचलेल्या असताना 180 हा आकडा जुनाट वाटतो, पण अवकाशातली गरजच निराळी आहे. पृथ्वीभोवतीचे वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र आपल्याला विद्युतभारित कणांपासून वाचवतात. वर गेल्यावर हे कवच विरळ होते. एखादा वेगवान कण चिपमधून आरपार गेला की स्मृतीतल्या शून्याचा एक होऊ शकतो. कधी तो चिपच्या आत नको तिथे प्रवाहाची वाट उघडतो आणि वेळीच वीज तोडली नाही तर चिप जळते. शिवाय वर्षानुवर्षांच्या माऱ्याने ऑक्साइडच्या थरांत भार साचत जाऊन ट्रान्झिस्टरचे गुणधर्मच बदलतात. मोठ्या ट्रान्झिस्टरमध्ये एका बिटामागे साठवलेला भार जास्त असल्याने एकट्या कणाला ते बिट पालटणे अवघड जाते. बाकीचे संरक्षण आराखड्यातून द्यावे लागते: उदाहरणार्थ, एकच माहिती तीन ठिकाणी ठेवून बहुमताने उत्तर ठरवणे.

पॅकेजिंगही वेगळे असते. प्लॅस्टिकऐवजी हवाबंद सिरॅमिकचे कवच वापरतात, कारण त्यातून ओलावा आत शिरत नाही. उणे 55 ते अधिक 125 अंश सेल्सियस या टोकांवर चिप चालते का, हे पाहिले जाते. तापलेल्या भट्टीत वीज चालू ठेवून ती दीर्घकाळ चालवतात, म्हणजे कच्चे नग जमिनीवरच बाद होतात. अग्निबाण सुटल्यानंतर सुटा भाग बदलता येत नाही. ही सगळी दक्षता त्यासाठीच.

या कामाचे ठळक फळ म्हणजे ‘विक्रम’ प्रोसेसर. तिरुवनंतपुरमचे विक्रम साराभाई अवकाश केंद्र आणि मोहाली यांनी मिळून तो साकारला. 16 बिटांचा विक्रम 1601 हा 2009 पासून इस्रोच्या प्रक्षेपकांत आहे. त्याची पुढची पायरी 32 बिटांचा विक्रम 3201. त्यात फ्लोटिंग-पॉइंट गणिताची सोय आहे, आणि एडा या भाषेत लिहिलेले प्रोग्राम त्यावर चालतात. त्यासाठीचा कंपायलरही इस्रोने स्वतःच बनवला. डिसेंबर 2024 मध्ये पीएसएलव्ही-सी60 मोहिमेत या प्रोसेसरची अवकाशात चाचणी झाली आणि मार्च 2025 मध्ये त्याचे पहिले उत्पादित नग इस्रोकडे सुपूर्द करण्यात आले.

2022 मध्ये ही संस्था अवकाश विभागाकडून इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे गेली. तिचे आधुनिकीकरण हे आता देशाच्या सेमीकंडक्टर धोरणाचा भाग आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आखलेल्या चिप्सही इथे तयार होऊ लागल्या असून, कागदावरचा आराखडा सिलिकॉनवर उतरलेला पाहण्याची संधी त्यांना शिकतानाच मिळते आहे.