धर्मनिष्ठा आणि राष्ट्रनिष्ठा : जोसेफ बॅप्टिस्टा व पूर्व भारतीय कॅथलिक समाज

प्रस्तावना :
धर्माने अल्पसंख्य असलेल्या समाजाची राजकीय निष्ठा अनेकदा संशयाने पाहिली जाते. अमेरिकेतील मेरीलँड वसाहतीत १७१८ मध्ये कॅथलिकांचा मताधिकार काढून घेण्यात आला. त्याच वसाहतीतील चार्ल्स कॅरोल हे १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारे एकमेव कॅथलिक ठरले. महाराष्ट्रात या प्रश्नाचे स्वरूप कसे होते, याचा विचार प्रस्तुत लेखात 'काका' बॅप्टिस्टा यांच्या संदर्भात केला आहे.

सामाजिक पार्श्वभूमी :
वसई, साष्टी व मुंबई परिसरातील शेतकरी, कोळी आदी समाजांतील अनेकांनी सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज सत्तेखाली कॅथलिक धर्म स्वीकारला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली; सत्ता बदलली, तरी हा समाज आपल्या भूमीत टिकून राहिला. धर्म बदलला, पण घरातील बोली मराठीच्याच राहिल्या. एकोणिसाव्या शतकात गोवा व मंगळूर येथून कॅथलिक मुंबईत आले आणि नोकऱ्यांसाठी स्पर्धा वाढली. आपले वेगळेपण दर्शविण्यासाठी स्थानिक कॅथलिकांनी १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. आपण कंपनी सरकारचे जुने प्रजाजन आहोत, हा दावा या नावात अंतर्भूत होता.

बॅप्टिस्टा यांचे कार्य :
जोसेफ बॅप्टिस्टा (१८६४-१९३०) याच समाजातील. माझगावच्या माथारपाखाडीत जन्मलेल्या बॅप्टिस्टा यांनी केंब्रिज येथे शिक्षण घेतले व ते बॅरिस्टर झाले. लोकमान्य टिळकांचे ते निकटचे सहकारी होते. एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, तेव्हा अध्यक्षपद बॅप्टिस्टा यांच्याकडे, तर चिटणीसपद न. चिं. केळकर यांच्याकडे आले. राजनिष्ठा सूचित करणारे नाव घेतल्यापासून अवघ्या २९ वर्षांत त्याच समाजातील एक गृहस्थ स्वराज्याच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, ही बाब लक्षणीय आहे. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आयटकच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. १९२१ च्या झरिया अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १९२५ मध्ये ते मुंबई महानगरपालिकेचे अध्यक्ष झाले.

तुलनात्मक विवेचन :
कॅरोल आणि बॅप्टिस्टा यांच्यात साम्य आहे, तसा भेदही आहे. कॅरोल यांच्यासमोर कायद्याची भिंत होती. धर्मामुळे त्यांना मत देता येत नव्हते. बॅप्टिस्टा यांच्यासमोर अशी कायदेशीर बंदी नव्हती. त्यांची अडचण अधिक सूक्ष्म होती : राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि त्यामुळे भारतीय ख्रिस्ती त्यांच्याच बाजूचे असणार, असे सहज गृहीत धरले जाई. बॅप्टिस्टा यांनी हे गृहीतक कृतीने खोडून काढले आणि त्यासाठी स्वतःचा धर्म सोडण्याची त्यांना गरज भासली नाही.

निष्कर्ष :
समाजाची निष्ठा त्याच्या धर्मावरून ठरत नाही. ती ऐतिहासिक परिस्थिती, आर्थिक हितसंबंध व वैचारिक निवड यांतून घडते. १८८७ चे नाव आणि १९१६ चे अध्यक्षपद ही एकाच समाजाची दोन्ही रूपे खरी आहेत. होमरूल चळवळ शिकविताना टिळक व ॲनी बेझंट यांच्यासमवेत बॅप्टिस्टा यांचाही परिचय करून दिल्यास, राष्ट्रीय चळवळीचा पाया किती व्यापक होता हे विद्यार्थ्यांना उदाहरणासह समजू शकेल.