मधुमेह, दृष्टी आणि औषधदान

नेत्रशिबिर म्हटले की आपणांस मोतीबिंदू आठवतो, आणि ते साहजिकच आहे. आमच्याच मध्य प्रदेशात चित्रकूट येथे संत रणछोडदासजी महाराजांच्या प्रेरणेने १९५० साली नेत्रयज्ञ भरला व १९६८ साली सद्गुरु सेवा संघ ट्रस्टची स्थापना झाली. मोतीबिंदूची पट्टी सुटली की रुग्णास दिसू लागते आणि दात्यासही आपल्या द्रव्याचे चीज झालेले दिसते. मधुमेहाने होणारा दृष्टिपटलाचा विकार मात्र तसा नाही. म्हणूनच आमच्या व्यापारी बंधूंनी त्याचा वेगळा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

डोळ्याच्या आतील पडद्यावर अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे असते. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढी राहिली म्हणजे त्या दुबळ्या होतात, पाझरतात, काही बंद पडतात. पुढे त्या जागी ठिसूळ नव्या वाहिन्या फुटतात व एखादे दिवशी रक्तस्राव होऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. तोवर ना वेदना, ना लाली! खतावणीतील बारीक अक्षर वाचता येते, म्हणून डोळे निरोगी, हा समज फसवा आहे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत, पन्नाशी गाठलेल्या मधुमेही व्यक्तींपैकी सुमारे १७ टक्क्यांत हा विकार आढळला.

चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे ही तपासणी नव्हे. थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा पाहावा लागतो; प्रौढ वयात मधुमेहाचे निदान झाले की लगेच एकदा आणि मग दरवर्षी. दिवाळीच्या वहीपूजनाशी ही तपासणी जोडून घेतली तर विसर पडणार नाही. त्या दिवशी काही तास अंधुक दिसते, तेव्हा घरचे कोणी सोबत असावे. मधुमेही स्त्रीस दिवस राहिल्यास तिची तपासणी प्रारंभीच व्हावी. लेझर व डोळ्यातील इंजेक्शने यांनी बहुधा उरलेली दृष्टी राखता येते. गेलेली सगळी परत येईलच असे नाही. साखरेइतकाच रक्तदाबही आवरावा लागतो. पर्युषणात उपवास धरणाऱ्यांपैकी जे गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण साखर एकाएकी उतरणे हेही संकटच.

आता दानाविषयी. आपल्या परंपरेत औषधदानाचे स्थान मोठे आहे. परंतु एका दिवसाच्या शिबिराने हे काम पुरे होत नाही. डॉक्टर आपला वेळ विनामूल्य देतील, पण विकार आढळलेल्या मजुरास बालाघाटहून गोंदियामार्गे नागपूरला उपचारासाठी जावे लागले, तर त्याचे गाडीभाडे, सोबत्याचा खर्च व बुडालेली मजुरी कोण देणार? इंजेक्शनेही एकावर भागतातच असे नाही. गाडीभाड्यावर दात्याच्या नावाची शिला बसत नाही, हे खरे.

मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ साली ११ खाटांवर सुरू झाले आणि ऐपतदारांच्या शुल्कातून गरिबांचा खर्च भागविण्याची रीत त्याने पाडली. हा हिशेब व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची गरज नाही. आमची सूचना इतकीच की, यापुढील प्रत्येक शिबिरात पडद्याची तपासणी असावी, आढळलेल्या रुग्णांची नोंदवही ठेवावी, आणि त्यांतील कोण पुन्हा तपासणीस आला व कोण आला नाही, हे पाहण्याचे काम आपल्यापैकी एखाद्या तरुणाकडे सोपवावे.