जयपूरच्या जंगलात गाडी आपली नको!

दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात आपली मोटार आपणच चालवत सिंह-हत्ती पाहता येतात. नियम मात्र कडक. डांबरी रस्त्यावर ताशी 50 किलोमीटरची मर्यादा, ठरावीक जागांखेरीज गाडीतून उतरायचे नाही आणि फाटक बंद होण्याआधी परतायचे.

सुटीत जयपूरला जाणाऱ्यांना वाटते, आपणही झालानाच्या जंगलात अशीच गाडी घालावी. ते जमणार नाही. शहराला खेटून असलेल्या या जंगलात बिबट्या पाहायचा, तर आधी नोंदणी करून सफारीच्या जिप्सीतूनच जावे लागते.

कारण उघड आहे. क्रुगरचा पसारा सुमारे 19,500 चौरस किलोमीटर. झालाना 20 चौरस किलोमीटरच्या आसपास. एवढ्याशा जागेत ज्याने त्याने आपापल्या गाड्या दामटल्या, तर बिबट्याने जावे कुठे? पलीकडे माणसांची वस्ती. तो तिथे शिरला, की त्याच्याही जिवाला धोका आणि माणसांच्याही. जुन्नर-बोरिवलीच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

शिवाय स्टिअरिंग हातात नसले, की डोळे-कान मोकळे राहतात. मोर एकाएकी ओरडू लागले, की जिप्सी थांबते आणि सगळे श्वास रोखून धोकाच्या झाडीकडे पाहू लागतात.

राजघराण्याच्या शिकारीसाठी बांधलेली ‘शिकार औदी’ याच जंगलात आजही उभी आहे. तेव्हा पाहुणे बंदुका घेऊन येत. आज कॅमेरे आणतात. मुलांना दाखवावा असा हा बदल आहे. बिबट्या दिसला, तर तो नफाच!