गिटारचं लाकूड: बाहेरून काय आणावं, घरात काय शोधावं

गिटार स्वतःच्या हाताने बनवायची असं ज्याने ठरवलं, त्याच्यासमोर पहिल्याच आठवड्यात एक यादी येते. पुढच्या फळीला अलास्काचं सिट्का स्प्रूस, मानेला होंडुरासची महोगनी, पाठीला आणि बाजूंना शिसव, फिंगरबोर्डला आणि ब्रिजला आबनूस. सगळं परदेशी दुकानातून मागवलं, त्यावर विमानाचं भाडं आणि सीमाशुल्क चढलं, की तयार गिटार विकत घेणंच स्वस्त वाटू लागतं. हौसेने या कामात पडू पाहणारी कितीतरी माणसं इथेच थांबतात आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण त्या यादीतली चारपैकी तीन लाकडं आपल्या देशात उगवतात. बाहेरून आणण्याजोगी वस्तू खरं तर एकच, ती म्हणजे पुढची फळी. तिचे दोन्ही अर्धे भाग मिळून अर्धा किलोही भरत नाहीत.

मग यादी अशी का बनली? मुळात एक समज घट्ट बसला आहे, की गिटारचा आवाज पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडातून येतो आणि ते लाकूड जितकं दुर्मिळ तितका आवाज भारी. याचं उत्तर स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस या कारागिराने १८६२ मध्येच देऊन ठेवलं. आजच्या क्लासिकल गिटारचा घाट ज्याने पक्का केला, तो हाच. त्याने एका गिटारची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या आणि पुढची फळी मात्र उत्तम स्प्रूसची लावली. आवाज घडवते ती पुढची फळी, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपून ठेवली आहे.

अलीकडचा पुरावा त्याहून काटेकोर आहे. इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी रॉजर बकनॉल या कारागिराकडून सहा गिटारी बनवून घेतल्या. घडण एकसारखी, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं: ब्राझिलियन रोझवूड, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सापेले आणि अक्रोड. ५२ वादकांना त्या अशा रीतीने वाजवायला दिल्या, की हातात कोणतं लाकूड आहे हे दिसू नये. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. सहाही गिटारींच्या आवाजाला मिळालेले गुण जवळजवळ सारखेच होते. सर्वांत महागडं लाकूड ओळखून वर काढणं वादकांना जमलं नाही.

पाठीच्या लाकडाने काहीच फरक पडत नाही, असं मी म्हणणार नाही. वजन, टिकाऊपणा, वाफेवर वाकण्याची तयारी, नजरेला भावणारे रंग आणि रेषा हे सगळं खरं आहे. पण खिशात पैसे मोजके असतील तर पहिला रुपया पुढच्या फळीवर खर्च करावा. मिरजेच्या सतारमेकरांना हे कुणी सांगायची गरज नाही. तिथे सतारीच्या तोंडावरच्या फळीला तबली म्हणतात. तबली किती जाड ठेवायची आणि कुठे पातळ करायची, यावर वाद्याचं नशीब ठरतं. भोपळा येतो मंगळवेढा-पंढरपूरच्या बाजूने. तो काही जगातली दुर्मिळ वस्तू नाही, तरी मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात आणि २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं.

प्रतिष्ठेच्या लाकडांचा इतिहास पाहिला तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. त्यातली बरीचशी आधी हाताशी होती म्हणून निवडली गेली आणि प्रतिष्ठा त्यांना मागाहून आली. फ्लामेंको गिटारचं सायप्रस हे स्पेनमधलं घरचं लाकूड. फेंडर कंपनीने १९५६ च्या सुमारास इलेक्ट्रिक गिटारच्या अंगासाठी आल्डर धरलं, ते मुबलक आणि परवडणारं म्हणून. आणि ज्याला आज गिटारचं अभिजात लाकूड मानतात ते आपलं शिसव? अमेरिकेच्या मार्टिन कंपनीला ब्राझीलमधून चांगले ओंडके मिळेनासे झाले, तेव्हा १९६९ च्या अखेरीस तिने प्रसिद्ध डी-२८ गिटारसाठी भारतीय शिसव घेतलं. तेव्हा ते पर्यायी लाकूड होतं.

शिसवाच्या नावातही घोळ आहे. वखारीत शिसव मागितलं तर कधी शिसू, म्हणजे उत्तरेकडचं शिशम, पुढे केलं जातं. दोघांची प्रजाती एक, डाल्बर्जिया. पण सह्याद्रीतलं काळसर-जांभळ्या गाभ्याचं शिसव वेगळं आणि तपकिरी शिशम वेगळं. परदेशी यादीत ‘इंडियन रोझवूड’ लिहिलेलं असतं ते शिसव. इंडोनेशियातून ‘सोनोकेलिंग’ नावाने जे येतं तेही हेच झाड, जावा बेटावर लावलेलं. नाव वेगळं दिसलं म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

‘साइट्समध्ये आहे, म्हणजे बंदी आहे’

कागदपत्रांबद्दल दोन टोकाचे गैरसमज आढळतात. काहींना वाटतं सगळ्यावर बंदी आहे, तर काहींना वाटतं एवढ्याशा फळीला कोण विचारतंय. दोन्ही समजांनी माणसं अडचणीत आली आहेत.

धोक्यातल्या प्राण्यांच्या आणि झाडांच्या व्यापारावर देखरेख ठेवणारा साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार आहे. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याचा व्यापार जवळपास बंद आहे आणि नवशिक्याने त्या वाटेला जाऊच नये. बाकीची सगळी डाल्बर्जिया झाडं, आपलं शिसव आणि शिशम धरून, २ जानेवारी २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आली. दुसरं परिशिष्ट म्हणजे बंदी नव्हे. व्यापार चालतो, पण परवान्यावर. २०१७ नंतर तयार गिटारी घेऊन सीमा ओलांडणाऱ्यांचीही तारांबळ उडाली. अखेर नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना आणि त्यांच्या तयार भागांना सूट मिळाली. कच्च्या फळ्यांना ती नाही. म्हणजे शिसवाचा सेट, म्हणजे पाठीच्या आणि बाजूंच्या फळ्या, परदेशातून मागवायचा तर परवाना लागतो. तोच सेट देशात विकत घेतला तर साइट्सचा प्रश्न येत नाही. तिथे विक्रेत्याची पावती हवी आणि जिथे लागू असेल तिथे वन खात्याचा वाहतूक परवाना हवा. भारतीय झाडाचं लाकूड परदेशातून परत मागवण्यात पैसाही जातो आणि वेळही.

महोगनीची गोष्ट तर फारच थोड्यांना ठाऊक असते. मोठ्या पानांची महोगनी दुसऱ्या परिशिष्टात आहे, पण ती नोंद अमेरिका खंडातल्या मूळ प्रदेशातल्या झाडांपुरती आहे. फिजीत किंवा भारतात लावलेल्या महोगनीला ती लागू होत नाही. बागेत, रस्त्याकडेला, शेताच्या बांधावर वाढलेली महोगनी कायदेशीर परवानगीने तोडली गेली असेल, तर तिची मान बिनधास्त करावी.

निष्काळजीपणाची किंमत केवढी असू शकते ते गिब्सन कंपनीच्या प्रकरणात दिसलं. अमेरिकेने १९०० सालच्या लेसी कायद्यात २००८ मध्ये लाकूड आणलं. बेकायदा तोडलेलं किंवा मूळ देशाचा नियम मोडून पाठवलेलं लाकूड आयात करणं तिथे गुन्हा ठरलं. २००९ मध्ये मादागास्करच्या आबनुसावरून आणि ऑगस्ट २०११ मध्ये भारतातून गेलेल्या फिंगरबोर्डच्या पट्ट्यांवरून गिब्सनवर छापे पडले. भारतीय मालाचा वाद जाडीचा होता. जागतिक सीमाशुल्क वर्गीकरणात ६ मिलिमीटरपर्यंतचा पातळ पापुद्रा ४४०८ या शीर्षकाखाली येतो, त्याहून जाड चिरलेलं लाकूड ४४०७ मध्ये आणि वाद्याचे भाग ९२०९ मध्ये. फिंगरबोर्डची पट्टी पापुद्र्याहून जाड असते. मग ती चिरलेलं लाकूड की वाद्याचा भाग? भारतातून चिरलेलं लाकूड पाठवण्यावर निर्बंध होते, म्हणून या एका प्रश्नावर सगळं अडलं. २०१२ मध्ये तडजोड झाली. मादागास्करच्या लाकडासाठी गिब्सनने ३ लाख डॉलर दंड आणि वनसंवर्धनासाठी ५० हजार डॉलर भरले. भारतीय पट्ट्या तिला परत मिळाल्या.

आपल्याकडे आयात करताना त्यातून घ्यायचं ते एवढंच, की पाकिटावर ‘लाकूड’ असं मोघम लिहून चालत नाही. झाडाचं शास्त्रीय नाव, देश, मापं आणि वर्गीकरण क्रमांक विक्रेत्याकडून आधी लेखी घ्यावेत. दुसरी गोष्ट किडीची. भारतात येणाऱ्या लाकडाला वनस्पती संगरोधाचा २००३ चा आदेश लागू आहे. मूळ देशाचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र आणि धुरी दिल्याची किंवा उष्णतेची प्रक्रिया केल्याची नोंद नसली, तर माल बंदरात किंवा टपालात अडकतो. उष्णतेची प्रक्रिया म्हणजे लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर किमान ३० मिनिटं ठेवणं. परदेशातल्या अनेक छोट्या दुकानांना ही कागदपत्रं देण्याची सवय नसते. म्हणून दुकान निवडताना किमतीआधी हे विचारावं. चार-पाच जणांनी मिळून दहा-बारा पुढच्या फळ्या एकत्र मागवल्या, तर प्रमाणपत्राचा आणि भाड्याचा खर्च वाटला जातो. माझ्या मते आयात परवडण्याचा खरा मार्ग हाच.

फळी निवडताना ‘ट्रिपल ए’ वगैरे शिक्क्यांना भुलू नये. या प्रतींचं जगमान्य असं मानक नाही. प्रत्येक दुकानाचं आपापलं असतं आणि त्यात रेषांचा एकसारखेपणा आणि रंग यांनाच जास्त गुण मिळतात. आवाजाला लागतो तो हलकेपणा आणि ताठपणा, दोन्ही एकत्र. चांगलं स्प्रूस घनमीटरला साधारण ३५० ते ४५० किलो भरतं. फळी मोजावी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावी, भागाकार करावा. मग वाया जाणाऱ्या कोपऱ्यातून पटाशीने एक चिरफळी काढावी. ती समोरच्या रेषेत सरळ फाटली तर फळी ताठ राहील. तिरकी बाहेर निघाली तर वरून कितीही सुंदर दिसो, ती कमकुवत आहे. रंगाचा पट्टा असलेली, पण हलकी आणि सरळ फाटणारी दुय्यम प्रत मी डोळे मिटून घेईन.

काळ्याभोर आबनुसाचा हट्टही असाच महागात पडतो. कॅमेरूनमध्ये टेलर गिटार्स या गिटार कंपनीने २०११ मध्ये आबनुसाची गिरणी विकत घेतली, तेव्हा त्यांना कळलं, की गाभा पूर्ण काळा नाही म्हणून दहातली नऊ झाडं तोडून तशीच जंगलात सोडली जात होती. तेव्हापासून त्यांनी करडे पट्टे असलेलं आबनूस गिटारींवर लावायला सुरुवात केली. पट्ट्यांनी मजबुती कमी होत नाही. आपल्या विदर्भात बिडीच्या पानांसाठी ओळखली जाणारी टेंभुर्णी आबनुसाच्याच कुळातली आहे. तिचा काळा गाभा थोडा आणि बाकी लाकूड फिकट, पण फिंगरबोर्डच्या पट्टीला हवं किती? अर्धा मीटर लांब आणि जेमतेम सात सेंटिमीटर रुंद.

आता वखारीकडे वळू. वखारीत लाकूड घनफुटाने विकलं जातं आणि नवा माणूस बिचकतो, की एवढं घेऊन करू काय. हिशोब मांडून पाहावा. एका गिटारची पाठ आणि दोन बाजू, कच्च्या मापाने, मिळून सुमारे ०.०६ घनफूट होतात. म्हणजे एका घनफुटात सोळा गिटारींचा ऐवज. निम्मं लाकूड आरायंत्राच्या भुशात गेलं तरी आठ सेट निघतात. परदेशी दुकानात एका सेटला जी किंमत पडते, ती शेजारी ठेवून पाहा.

तून हे मिरजेच्या सतारीचं लाकूड. ऑस्ट्रेलियात हेच झाड ‘रेड सीडर’ म्हणून गिटारकारांना प्रिय आहे. ते महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं, हलकं, रंध्याखाली सरळ चालणारं आणि मानेला उत्तम. शिवण हलकं आणि स्थिर. इलेक्ट्रिक गिटारच्या अंगाला मी ते आधी घेईन. दक्षिणेत वीणेला लागणारा फणस पाठीला चालतो. त्याचा पिवळा रंग वर्षांनी गडद मधासारखा होतो. कॉफीच्या मळ्यांतलं सिल्व्हर ओक उभं चिरलं की रेशमी ठिपके उमटतात. सागाबद्दल मात्र सावध. तो तेलकट असतो; सांधा जोडण्याआधी पुसला नाही तर सरस नीट धरत नाही.

वखारीत एक गोष्ट आग्रहाने मागावी: वर्तुळांना काटकोनात चिरलेली फळी, म्हणजे क्वार्टरसॉन. फळीच्या टोकाला रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत. लाकूड वर्तुळाच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच त्रिज्येच्या दिशेने आकसतं, आणि अशा फळीची रुंदी त्रिज्येच्या दिशेने असते.

आणि शेवटचा गैरसमज, जो सगळ्यात जास्त गिटारी फोडतो: ‘भट्टीत सुकवलेलं आहे, म्हणजे काम झालं’. लाकूड हवेतलं पाणी आयुष्यभर घेत आणि सोडत राहतं. कोकणात जुलैच्या हवेत फळीत सतरा-अठरा टक्के पाणी भरतं. कोरड्या, ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ते नवावर येतं. एवढ्या फरकाने ४० सेंटिमीटर रुंदीची स्प्रूसची फळी चार-पाच मिलिमीटर आकसते. पावसाळ्यात चिकटवलेली गिटार पुण्याच्या एप्रिलमध्ये किंवा वातानुकूलित खोलीत चिरते ती याच कारणाने. म्हणून सरस लावण्याचं काम कोरड्या ऋतूत करावं. नाहीतर लहान खोली, आर्द्रता शोषणारं यंत्र आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक एवढी तरी व्यवस्था हवी. फळ्या आल्या की मध्ये पट्ट्या घालून हवा खेळेल अशा रचाव्यात. प्रत्येकीच्या कडेला पेन्सिलने तारीख आणि ग्रॅममधलं वजन लिहावं, दर पंधरवड्याला पुन्हा तोलावं. वजन सलग तीनदा तेच आलं, की रंधा हातात घ्यावा.