हिरड्यांचं दुखणं बाळंतपणानंतरवर टाकू नका

गरोदरपणात दात घासताना थुंकीत रक्त दिसलं, की 'बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, असं व्हायचंच' अशी समजूत घातली जाते. ती चुकीची आहे. बाळाला कॅल्शियम आईच्या आहारातून मिळतं. तिथे कमी पडलं तर हाडांतून, दातांतून नव्हे. रक्त येतं ते हिरड्यांतून. प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढल्यामुळे हिरड्यांचा रक्तपुरवठा वाढतो आणि दातांच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या थराने त्या एरवीपेक्षा लवकर सुजतात. दोन दातांमधलं हिरडीचं टोक लालभडक होतं, ब्रश लागताच रक्त येतं. संप्रेरकं थोपवता येत नाहीत. जंतूंचा थर मात्र काढता येतो.

मग दातांच्या डॉक्टरकडे जाणं का टाळलं जातं? उपचारांनी बाळाला धोका होईल, या भीतीने. याचं उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत मिळतं. हिरड्यांचा आजार असलेल्या मातांची बाळं वेळेआधी जन्मण्याचं प्रमाण जास्त दिसतं, असं १९९६ मधल्या एका अभ्यासाने सुचवलं होतं. ते पडताळण्यासाठी ८२३ गर्भवतींचे दोन गट केले गेले. एका गटाच्या हिरड्यांची खोलवर सफाई २१व्या आठवड्याआधी झाली, दुसऱ्याची बाळंतपणानंतर. २००६ साली निष्कर्ष आले. अकाली प्रसूतीचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. मग उपचार कशाला, असं कोणी विचारेल. पण हाच निकाल उलट बाजूनेही वाचायला हवा: सफाईमुळे अकाली प्रसूती वाढली नाही आणि आईच्या हिरड्या सुधारल्या. आईचं दुखणं बरं होणं हे कारण पुरेसं आहे. त्यासाठी बाळाच्या फायद्याचा दाखला लागू नये.

दात बधिर करण्याचं लिडोकेनचं इंजेक्शन आणि गरज असेल तेव्हा काळजी घेऊन काढलेला दातांचा एक्स-रे गरोदरपणात चालतो. चौथा ते सहावा महिना उपचारांना सर्वांत सोयीचा. मात्र ठणका किंवा पू असेल तर कुठल्याही महिन्यात थांबू नये. गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत. उलटी झाल्यावर लगेच ब्रश न करता चूळ भरावी, कारण पोटातल्या आम्लाने दातांचं आवरण तेवढ्यापुरतं मऊ झालेलं असतं. आपल्याकडे अनेक बायका हिरड्यांना मिश्री लावतात. ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तिच्यातलं निकोटिन गर्भापर्यंत पोचतं, म्हणून ती बंदच करावी. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीतच हिरड्यांतून रक्त येत असल्याचं सांगा आणि दातांच्या डॉक्टरांना आपण गरोदर असल्याचं सांगा.