खोकल्याची नोंद कशाला?

समजा तुमची शाळा जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात आहे आणि तुमच्या वर्गात ४० मुले आहेत. सोमवारी ४ मुले गैरहजर होती, मंगळवारी ५, बुधवारी ९ आणि गुरुवारी १४! बहुतेकांच्या घरून एकच निरोप, "ताप आहे, खोकलाही आहे." आता ही साथ समजायची, की हवा बदलली म्हणून सर्दी झाली असे म्हणून सोडून द्यायचे?

हे ठरवायला आणखी एक आकडा हवा. एरवी या दिवसांत रोज किती मुले गैरहजर असतात? ३-४ असतील, तर १४ हा आकडा धोक्याची सूचना आहे. पण कापूसवेचणीमुळे दरवर्षीच १२-१३ मुले येत नसतील, तर त्याचा अर्थ निराळा. म्हणजे नेहमीचे प्रमाण ठाऊक असल्याशिवाय साथ ओळखता येत नाही. म्हणूनच रोग्यांची मोजदाद साथ नसतानाही सतत चालू ठेवावी लागते. या कामाला 'रोगसर्वेक्षण' म्हणतात.

अशी मोजदाद नसली तर काय होते? १९१८ च्या जूनमध्ये मुंबईतील काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले. इन्फ्ल्युएन्झाची जागतिक साथ भारतात आली होती. पहिली लाट सौम्य होती, पण सप्टेंबरपासूनची दुसरी लाट भयंकर ठरली. प्रवाशांबरोबर रोगही आगगाडीने गावोगाव पोचला. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि मनमाडहून येणारा लोहमार्ग तेथे १९०० च्या सुमारासच पोचला होता. लोकांनी या रोगाला 'मानमोडी' असे नाव दिले. भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. नेमकी किती, हे आजही अंदाजानेच सांगावे लागते, कारण खेड्यापाड्यांतील नोंदी अपुऱ्या होत्या. रोग कशामुळे होतो हेही तेव्हा कळलेले नव्हते. माणसातील इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू १९३३ मध्ये सापडला.

भारतात नोव्हेंबर २००४ पासून एकात्मिक रोगसर्वेक्षण सुरू झाले. त्यात तीन प्रकारच्या नोंदी होतात. आरोग्यसेविका लक्षणे टिपते, डॉक्टर आपले निदान नोंदवतात आणि प्रयोगशाळा तपासणीचा निष्कर्ष कळवते. तीन नोंदी कशासाठी? ताप-खोकला इन्फ्ल्युएन्झाचा असेल, कोरोनाचा असेल किंवा आणखी कशाचा; लक्षणांवरून ते सांगता येत नाही. पहिली नोंद लवकर मिळते, पण ढोबळ असते. तिसरी उशिरा मिळते, पण पक्की असते. दोन्ही हव्यात.

प्रयोगशाळेचे आणखी एक काम आहे. इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू आपले बाह्य रूप सारखे बदलत असतो, त्यामुळे जुनी लस पुरी पडत नाही. पुण्यात १९५२ मध्ये स्थापन झालेली, आज राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था या बदलांवर लक्ष ठेवते. देशोदेशींच्या अशा प्रयोगशाळांच्या माहितीवरून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीत कोणते विषाणू असावेत हे सुचवते. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा भारतातील पहिला बळी पुण्यात गेला. ती तुमच्याच वयाची, १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती.

तुम्हीही एक प्रयोग करा. हजेरीपटावरून रोजच्या गैरहजेरीचा आलेख वर्षभर काढा. मुलांची नावे नकोत, फक्त संख्या आणि कारण लिहा. रेघ एकाएकी वर चढली, तर गुरुजींना आणि गावातील आशाताईंना सांगा. वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल किंवा कोपर धरा, हात साबणाने धुवा. ताप असेल तर घरीच राहा आणि धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.

त्या दिवशी तुमचा हजेरीचा आकडा कमी होईल, पण शेजारच्या बाकावरचा मित्र वाचेल!